एफ्तिमचा पायगुण

सप्टेंबरात डोंगराकडची बस बंद झाली आणि त्याच आठवड्यात द्राग्नाचा फोन आला.

"इग्नातला ये," ती म्हणाली. "पहिला पाय तुझा पडू दे."

जवळ खुर्ची नव्हती, एफ्तिम सरपणाच्या ढिगावरच बसला. "बरं," एवढंच त्याला सुचलं. पुढे हवा, पाठदुखी आणि यंदाची लाकडं यांवर दोन-दोन वाक्यं झाली आणि बहिणीनं फोन ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण 'का' म्हणून विचारायला हवं होतं.

वीस डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी, घरात जो पहिला बाहेरचा माणूस पाऊल टाकतो त्याच्या पायगुणावर त्या घराचं पुढचं वर्ष जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा यावर विश्वास नाही, असं सगळे सांगतात. आणि त्या सकाळी तेच सगळे दाराला कडी लावून, पडदा बोटभर सरकवून, कोण येतंय ते बघत बसतात. चांगल्या पायाच्या माणसाला त्या दिवशी दहा घरांतून बोलावणं येतं आणि संध्याकाळी तो धड चालत घरी पोचत नाही, इतकी राकिया, फळांची दारू, त्याला पाजलेली असते. वाईट पायाचा माणूस घरी बसतो.

एफ्तिम घरी बसणाऱ्यांपैकी होता. तीस-एक वर्षांपूर्वीच्या एका इग्नातला तो नेहमीसारखा द्राग्नाकडे पहिला गेला. मार्चमध्ये तिचा नवरा ग्रोझ्दान गोठ्यात गवत ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही. शवपेटी अंगणात ठेवलेली, दोन्ही गावांची माणसं टोप्या काढून उभी, आणि द्राग्ना भावाकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्या पायानं आलं हे." दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं पाद्रीसुद्धा म्हणाला. पण ते बोलणं काही गेलं नाही. चार दिवसांत ते डोंगर उतरून एफ्तिमच्या गावात, दोल्नी ब्रेस्तमध्ये, त्याच्या आधी जाऊन बसलं.

कुणी त्याला येऊ नकोस म्हटलं नाही. आमची माणसं तशी वाईट नाहीत. एवढंच व्हायचं, की आदल्या दिवशी शेजारचा गेंचो यायचा, बायकोनं, योर्दांकानं, दिलेला पाव आणि उकडलेले मनुके यांची थाळी ठेवायचा आणि छताकडे बघत विचारायचा, "उद्या काय, आराम ना?" एफ्तिम म्हणायचा, "आराम." मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो फाटकाबाहेर पडायचा नाही. एफ्तिमची बायको होती तोवर ठीक होतं. स्तान्का पहाटे लाकडं आणायला अंगणात जायची आणि स्वतःच बाहेरची पाहुणी असल्यासारखी उंबरा ओलांडून आत यायची, म्हणायची, "घ्या, झालं वर्ष सुरू." नऊ वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून एफ्तिमच्या घरात इग्नातला कुणाचाच पाय पडला नव्हता, ना चांगला, ना वाईट.

बहीणभावांत अबोला नव्हता. ईस्टरला तो जायचा, उन्हाळ्यात तिची लाकडं फोडून द्यायचा, ती त्याला टोमॅटोच्या बरण्या द्यायची. पण ते वाक्य तिनं कधी मागे घेतलं नाही आणि त्यानं कधी मागितलं नाही. आणि आता हा फोन. तिनं मनातून ते काढून टाकलं होतं, की तिच्या डोंगरावर बोलवायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं? एफ्तिमला यापैकी कुठलंही एक चाललं असतं. पण कुठलं, ते तिच्या दारात उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

दारात पोचायचं कसं, हा प्रश्न होता. द्राग्नाचं गाव, गोर्ना लेस्का, बावीस किलोमीटरवर, खिंडीपलीकडे. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा तर जो रात्री घरात झोपला तो पहिला पाहुणा कसा होणार? गेंचोकडे गाडी होती, पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि तो स्वतःच्या फाटकातून बाहेर पडताना दर वेळी एक खांब पाडायचा. राहता राहिली एफ्तिमची जुनी मोटारसायकल. ती बाल्कन कंपनीची होती, आमच्याच देशात, बल्गेरियात बनलेली, अडीचशे सीसीची. तिची चौकट ठणठणीत होती. सिलिंडर मात्र सात वर्षांपूर्वीच्या थंडीत उभा चिरला होता, आणि तसला सिलिंडर आता देशात सापडत नाही.

एफ्तिम एकाहत्तर वर्षांचा होता. त्यातली चौतीस वर्षं त्यानं ट्रॅक्टर स्टेशनात लेथवर काढली होती. स्टेशन मोडलं तेव्हा छोटा लेथ त्यानं बैलगाडीवर घालून घरी आणला होता आणि पुढे अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात बसवला होता. स्तान्का गेल्यापासून तिथे स्वयंपाक होतच नव्हता.

जिल्ह्याच्या गावच्या जुन्या बाजारातून त्यानं एक जर्मन सिलिंडर आणला, पिस्टनसकट. इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँक आणि गिअर, बाल्कनचाच. कार्ब्युरेटर रशियन, तो कोंबड्यांच्या खुराड्यात डब्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. कॉइल मोडीत काढलेल्या एका मोटारीतून आली. हे सगळं त्यानं टेबलावर मांडलं आणि दोन दिवस नुसतं बघत राहिला. नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे पहिल्यांदा समोरासमोर बसतात तसं ते टेबल दिसत होतं. कुणीच कुणाला शोभत नव्हतं.

सिलिंडरची भोकं खालच्या स्टडवर बसेनात. मध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी घालावी लागणार होती, जिचा खालचा भाग बाल्कनशी जुळेल आणि वरचा जर्मनाशी. पहिली पट्टी त्यानं दोन मिलिमीटर पातळ केली. पिस्टन वर येऊन हेडला टेकला. दुसरी लेथवर वाकडी झाली. तिसरी बसली. पिस्टनची पिन कनेक्टिंग रॉडच्या भोकात सैल पडत होती, म्हणून गनमेटलचा बुश, पिनभोवतीची नळी, केला. तो इतका घट्ट झाला की काढताना फुटला, मग दुसरा केला. सिलिंडरची आतली दारं, ज्यांतून धूर बाहेर जातो, ती आता चुकीच्या वेळी उघडत होती. ती त्यानं कानशीनं, रोज केसभर, अशी आठ दिवस वाढवली. घाई केली असती तर सिलिंडरही गेला असता आणि डिसेंबरही.

गेंचो ऑक्टोबरभर दारात उभा राहून मजा बघत होता.

"खालून बल्गेरियन, वरून जर्मन, तोंड रशियन," तो एकदा म्हणाला. "हे आपसांत बोलणार कुठल्या भाषेत?"

"सुरू झालं की कळेल."

"खेचर म्हणतात याला, एफ्तिमदादा. खेचर लाथा मारतं आणि त्याला पिल्लं होत नाहीत."

"मला पिल्लं नकोयत. बावीस किलोमीटर जायचंय."

"कुठे?"

एफ्तिमनं कानस खाली ठेवली. "द्राग्नाकडे. इग्नातला."

गेंचोचं हसू तोंडावरच राहिलं. "पहिला?"

"पहिला."

"तिनं बोलावलंय?"

"मग काय मी आपणहून निघालोय?"

गेंचोनं टोपी डोक्यावर नीट बसवली, काहीतरी काम आठवल्यासारखं केलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी गावातल्या अकराच्या अकरा माणसांना बातमी कळली होती. योर्दांका म्हणे म्हणाली, बिचारी द्राग्ना, म्हातारपणी बुद्धी फिरली. हेही गेंचोनंच येऊन सांगितलं. एफ्तिमनं लेथ सुरू केला. तो चालू असला, की कुणाला ऐकू जाईल असं बोलायची गरजच उरत नाही. पण त्याला लागलं. तीस वर्षं तो या लोकांचे पंप, नांगर, शिलाई यंत्रं दुरुस्त करत आला होता. त्याच्या हातावर सगळ्यांचा भरवसा होता, पायावर कुणाचाच नव्हता.

नोव्हेंबरच्या मध्याला, एका शनिवारी सकाळी, पेट्रोलमध्ये तेल मिसळून त्यानं किक मारली. काही नाही. चाळीस किका झाल्या. प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. एकेचाळिसाव्या किकेला इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि मग चालूच राहिलं. खोली निळ्या धुरानं भरली. एफ्तिम एका हातानं रेस धरून उभा होता आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होता. धुरानं पाणी आलं होतं, पण नुसतं धुरानंच नव्हे. असा आनंद झाला की माणूस आधी वळून बघतो, मागे कोण आहे. मागे लेथ होता.

त्यानं बहिणीला फोन लावला आणि तो इंजिनाजवळ धरला.

"कसला कालवा हा? कुणाला मारतायत का?" द्राग्ना ओरडली.

"इंजिन आहे, ताई. मी येतोय."

मग ती म्हणाली, "येताना मफलर बांध. खिंडीत वारं असतं."

इग्नातला घरातून काही बाहेर द्यायचं नसतं, न्यायचंही नसतं. मीठ नाही, विस्तव नाही, सुई नाही; जे बाहेर गेलं त्याच्याबरोबर घरचं नशीब जातं. म्हणून एफ्तिमनं आदल्या संध्याकाळीच मोटारसायकल फाटकाबाहेर अक्रोडाखाली नेऊन लावली. पाने, हातोडी, जादा प्लग, तार, तेलाची बाटली असं सगळं पोत्यात घालून मागे बांधलं. गेंचो थाळी घेऊन आला, तेव्हा त्यानं या वर्षी छताकडे पाहिलं नाही. "जपून जा," म्हणाला. मग जाता जाता, "हळू जा."

पहाटे बूट घालताना एफ्तिमची नजर खिळ्यावर गेली. तिथे पॅकिंग लटकत होतं. सिलिंडरखाली, पट्टीच्या वर आणि खाली, फटीतून हवा शिरू नये म्हणून कागदी पॅकिंग लागतं. ते त्यानं बिस्किटांच्या खोक्यातून कापलं होतं आणि एक जादा कापून तेल प्यायला म्हणून खिळ्याला अडकवलं होतं. तेच पोत्यात घालायचं राहिलं. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. बाहेर अंधार होता, गाव झोपलेलं होतं, बघायला कुणी नव्हतं. तरी ते त्यानं खिळ्यावरच राहू दिलं. आजच्या दिवशी कुणाचं वर्ष बिघडू नये एवढंच त्याला हवं होतं, आणि कुणाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गावातून त्यानं गाडी ढकलत नेली. शेवटच्या घरापलीकडे, गुरांना पाणी पाजण्याच्या हौदाशी, जाऊन किक मारली. सवय म्हणायची, दुसरं काय. तो कुणाच्या घरात शिरणार नव्हता, रस्त्यानं जाण्यात पाय मोजत नाहीत. पण आवाजानं कुणी पडदा सरकवला असता आणि वर्षातलं पहिलं दर्शन एफ्तिमचं झालं असतं.

पहिले नऊ किलोमीटर फार सुंदर गेले. बर्फ नव्हता, नुसतं धुकं आणि रस्त्यावर पिठासारखं पडलेलं हिव. इंजिन ठोकत नव्हतं, तापत नव्हतं, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आपल्या दमानं चढत होतं. जर्मन आणि बल्गेरियन आत काय बोलत होते कुणास ठाऊक, पण भांडत नव्हते. एफ्तिम मफलरच्या आत मोठ्यानं शुभेच्छांचे बोल म्हणून बघत होता. पहिला पाहुणा चूल ढवळताना जे म्हणतो ते. जितक्या ठिणग्या तितकी कोकरं, तितकी पिल्लं, इथपर्यंत आठवलं. पुढचं आठवेना.

स्ताव्रेवो हे मधलं गाव. तिथे शिरताना रेस न वाढवता इंजिनाचा सूर चढायला लागला. एफ्तिमनं मूठ सोडली, तरी चढतच गेला, किंचाळायला लागला. आत कुठूनतरी हवा ओढली जात होती. अजून अर्धं मिनिट आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून सगळं संपलं असतं. त्यानं इग्निशन बंद केलं आणि गाडी घरंगळू दिली. थांबल्यावर खाली वाकून पाहिलं, तर पट्टीवरचं पॅकिंग एका बाजूनं फुटून जिभेसारखं बाहेर आलं होतं.

हातभर जाड कागद हवा होता. फक्त तेवढाच. सात वाजले होते.

स्ताव्रेवोत दोनच धुराडी चालू होती. पहिल्या घराच्या फाटकात एक दाढी वाढलेला माणूस आला. एफ्तिमनं पुठ्ठा मागितला, कसलाही, जुना, फाटका.

"आज?" माणूस म्हणाला. "इग्नातला? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, काका?"

"बुटाच्या खोक्याचं झाकण चालेल."

"सुतळीचा तोडा मिळायचा नाही. उद्या या, अख्खं खोकं घेऊन जा." आणि जाताना त्यानं फाटकाला आतून साखळी लावली. चूक त्याची नव्हती. एफ्तिमनंही लावली असती.

दुसऱ्या घराच्या खिडकीत एक म्हातारी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. पडदा बाजूला, काच उघडी, अंगावर दोन शाली.

"काय मागत होतास त्या हावरटाकडे?"

"पुठ्ठा, आजी. पॅकिंगला."

"बाहेर द्यायचं नसतं आज."

"माहीत आहे."

"पण आत यायला कुणी अडवलंय?" म्हातारी म्हणाली. "ये आत. पहाटेपासून बसलेय. कुणी आलेलं नाही माझ्याकडे. गेल्या वर्षीही नाही."

एफ्तिम फाटकातच थांबला. हात तेलकट, टोपी हातात. खोटं बोलणं सोपं होतं. इथे त्याला ओळखत नव्हतं कुणी. "माझा पाय चांगला नाही, आजी," तो म्हणाला. "दोन गावांना माहीत आहे. मी इग्नातला कुणाकडे जात नाही."

"मग आत्ता कुठे निघालास?"

"बहिणीकडे."

"म्हणजे बहिणीला चालतो आणि मला नाही?"

"तिनं बोलावलंय."

"मीही बोलावतेय. ऐकू येत नाही का?" म्हातारीनं शाल सारखी केली. तिचं नाव त्रेना, हे तिनं नंतर सांगितलं. "हे बघ पोरा. कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या. बकरी विकली. म्हातारा सहा वर्षांपूर्वी गेला, पोरं स्पेनमध्ये संत्री तोडतात आणि मला नव्वदीला दोन कमी आहेत. तू मोठा वाईट पायाचा असशील, पण बिघडवणार काय? दाखव मला, मीच शोधतेय."

अंगणातून एफ्तिमनं एक काटकी उचलली, रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून, आणि उजवा पाय आधी टाकून आत गेला. चुलीपुढे बसून काटकीनं विस्तव ढवळला. ठिणग्या उडाल्या. "जितक्या ठिणग्या, तितकी कोकरं, तितकी पिल्लं," तो म्हणाला आणि अडकला.

"तितकं आयुष्य," त्रेना म्हणाली. "नको, ते राहू दे. तितके फोन म्हण. मुलांचे."

"तितके फोन," एफ्तिम म्हणाला.

तिनं त्याला अक्रोड दिले, वाळवलेले मनुके दिले, राकियाचा पेला दिला, आणि बसवून ठेवलं. मुद्दाम गप्प बसली, कारण पहिला पाहुणा बसला असताना गडबड करायची नसते. एफ्तिमला तिच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. बाहेर गाडी थंड होत होती, पलीकडे द्राग्ना वाट बघत होती, आणि इथे एक परकी म्हातारी त्याच्याकडे, त्यानं तिचं मोठं काम केल्यासारखं बघत होती. कितीतरी वर्षांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्याला ते सहन होईना. तो विस्तवाकडे बघत राहिला.

मग ती उठली, पलंगाखालून खोकं ओढलं, आतले नवे कोरे बूट काढून पलंगावर ठेवले आणि खोकं त्याच्या मांडीवर दिलं.

"बाहेर काही द्यायचं नसतं," एफ्तिम म्हणाला.

"मागणाऱ्याला द्यायचं नसतं. पहिल्या पाहुण्याला रिकामं पाठवलं तर पाप लागतं. आईनं काहीच शिकवलं नाही का तुला?"

तिच्या पायरीवर बसून त्यानं पॅकिंग कापलं. पुठ्ठा पट्टीवर धरायचा आणि कडेकडेनं हातोडीनं हलकं हलकं ठोकत जायचं, म्हणजे कागद स्वतःच नेमका तुटतो. बोटं थंडीनं चालत नव्हती. सिलिंडर उतरवायला, साफ करायला, पिस्टनच्या रिंगा बोटांनी दाबत पुन्हा आत घालायला तीन तास गेले. या वेळी त्यानं वरचं आणि खालचं, दोन्ही पॅकिंग बदलली. त्रेना मधून मधून खिडकी उघडून विचारायची, "झालं?" आणि तो नाही म्हणाला की तिला बरं वाटल्यासारखं दिसायचं. साडेदहाला इंजिन सुरू झालं. तिनं हात केला. त्यानंही केला.

पण एक गोष्ट त्याला खिंडभर सुटली नाही. आजचा पहिला पाय त्यानं दुसऱ्याच घरात टाकला होता. द्राग्नाकडे जे न्यायचं, ते वाटेत सांडलं होतं. आणि वेळही टळली होती. पावाची गाडी तिकडे दहाला जाते, पाववाला दारात येऊन आवाज देतो, आत जाऊन पाव ठेवतो. म्हणजे तोच पहिला. चढावर गाडी सतत पहिल्या गिअरमध्ये ठेवावी लागली, दोनदा थांबून थंड करावी लागली, आणि गोर्ना लेस्काला पोचेपर्यंत बारा वाजून गेले.

फाटकाला पावाची पिशवी अडकवलेली होती. पाव तसाच, न घेतलेला. दार बंद होतं, आतून कडी.

"ताई," त्यानं हाक मारली.

"पाववाल्याला हाकलला," दाराआडून द्राग्ना म्हणाली. ती लगेच बोलली, म्हणजे दाराशीच बसलेली होती. "पोस्टातली आली होती, तिलाही. पाचपासून बसलेय इथे. किती हा उशीर."

"पॅकिंग फुटलं. ताई, एक सांगायचंय. मी स्ताव्रेवोत एका घरात गेलो. पहिला. नाइलाज होता. आता तुझ्याकडे आलो तर…"

"थांब. आधी माझं ऐक. ऐकलंस की मग आत यायचं की नाही ते तू ठरव." कडी वाजली, पण दार उघडलं नाही. "ग्रोझ्दानचं हृदय खराब होतं. ऑक्टोबरातच जिल्ह्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, उन्हाळा दिसला तर नशीब. त्यानं मला शपथ घातली कुणाला सांगू नको म्हणून. तू आलास डिसेंबरात. माझं बोलून झालं."

इंजिन मागे टिकटिक करत थंड होत होतं.

"मग तसं का म्हणालीस?"

"तू रडत नव्हतास. सगळे रडत होते आणि तू खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पेटीच्या कडीचा स्क्रू आवळत होतास. माझा माणूस आत होता आणि तू स्क्रू आवळत होतास. मला असा संताप आला."

"सैल होता तो," एफ्तिम म्हणाला. "उचलताना निघाला असता."

"हो. ते मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"त्याच संध्याकाळी." द्राग्नाचा आवाज दाराच्या खालच्या बाजूनं येत होता, ती अजून बसलेलीच होती. "उद्या सांगू, म्हटलं. मग ईस्टरला सांगू. तू यायचास, लाकडं फोडायचास, काही बोलायचा नाहीस, आणि मला तोंड उघडायला लाज वाटायची. पुढे इतकं झालं की सांगायलाच जागा उरली नाही. पण तुझ्यानंतर मीही कुणाला घेतलं नाही, एफ्तिम. एकदाही नाही. इग्नातला कडी लावून बसत आले."

त्याला राग आला. खरा राग, छातीतून वर येणारा. योर्दांकाच्या थाळ्या त्याला आठवल्या, लाकडं आणायला पहाटे उठणारी स्तान्का आठवली. ती जन्मभर नवऱ्याचा पाय झाकत राहिली आणि तिला हे कधी कळलंच नाही. गाडी अजून गरम होती. एका किकेत सुरू झाली असती.

दार उघडलं. द्राग्ना दाराच्या चौकटीला धरून उभी राहत होती. ती त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच लहान झाली होती, आणि तिनं सणाचा काळा झगा घातला होता.

"तीस वर्षं, ताई," तो म्हणाला.

"एकतीस," ती म्हणाली.

मग तिचा हात चौकटीवरून सुटला, आणि एफ्तिमनं पुढे होऊन तिला दंडाला धरून आत नेलं. कुठला पाय आधी पडला, ते दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.